अडतीस पोती भात

"हे पाकीट अकराच्या गाडीनं लोणावळ्याला न्या, महिपतराव, आणि परदेशी टपालानं रजिस्टर करा," प्रोफेसर आगाशे म्हणाले. साठीच्या त्या माणसाचा चेहरा लग्नघरातल्या वरबापासारखा फुलला होता. "काटा सरकला. जगाला कळवायचंय."

महिपती त्यांच्या मळवलीच्या बंगल्याचा राखणदार. तळघरात प्रोफेसरांनी एका बारीक तारेला शिसं आणि अॅल्युमिनियम टांगलं होतं; तार जराशी पिळली तरी तिचा काटा सरके आणि कागदावर रेघ उमटे. अकरा वर्षं दर शनिवारी पुण्याहून येऊन ते काटा बघत. प्रत्येक कणाला म्हणे एक उलटा जुळा असतो. तो खाली पडतो की वर जातो, तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. पण अणूच्या पोटातही हे उलटे कण क्षणभर डोकावतात. ते वर जाणारे असतील, तर शिसं आणि अॅल्युमिनियम पृथ्वीकडे सारखे ओढले जाणार नाहीत आणि काटा सरकेल. महिपतीच्या ध्यानात एवढंच राहिलं होतं, की जड वस्तू शेजारच्या वस्तूला ओढते, म्हणून भिंतीलगत बैलगाडीसुद्धा सोडायची नाही.

"कवा सरकला, सर?"

"मंगळवारी दुपारी. कागदावर रेघच उमटलीय."

मंगळवारीच आभाळ भरून आलं, म्हणून मळणीचं भात महिपतीनं न विचारता तळघराशेजारच्या खोलीत रचलं होतं. बोलावं तर नोकरी जाणार. गप्प राहावं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. तो फाटकापर्यंत गेला आणि परत फिरला.

"सर, माझं चुकलं. शेजारच्या खोलीत भात हाय. अडतीस पोती. मंगळवारीच ठिवलं."

प्रोफेसरांनी कोट काढला. "चला, बाहेर काढू."

"तुमी नगा, सर. आमी काढतो."

त्यांनी ऐकलं नाही. एका टोकाला महिपती, दुसऱ्या टोकाला प्रोफेसर, असं करत सगळी पोती दूर गोठ्यात गेली. जेवणं झाल्यावर प्रोफेसर तळघरात उतरले. परत गोठ्यात आले तेव्हा शर्टावर भाताचा कोंडा तसाच होता.

"काटा आला जागेवर," ते म्हणाले आणि पोत्यावर बसले. महिपतीला फार वाईट वाटलं, आणि मन हलकंही झालं.

"जगात हसं झालं असतं माझं. तुम्ही वाचवलंत," प्रोफेसर म्हणाले. त्यांनी पोत्यावर हात फिरवला. "यातलं थोडं मला द्याल? अकरा वर्षांत माझ्या काट्यानं एवढंच पकडलं."

"भात हाय त्यो, सर, तांदूळ न्हाय," महिपती पोत्याचं तोंड सोडत म्हणाला. "बसा. उखळात सडून आनतो."