न आलेले चौदाजण

माझी आत्या नर्स. वॉर्डातली नव्हे, संशोधन विभागातली. नवीन औषध बाजारात येण्याआधी ते माणसांना देऊन पाहतात; त्या माणसांचा रक्तदाब, वजन, तक्रारी सगळं टिपून ठेवायचं तिचं काम. घरात आम्ही तिला ‘चौकशी खिडकी’ म्हणायचो. तब्येत बरी आहे म्हटलं तरी तिची सुटका नसायची. बरी म्हणजे किती बरी, कधीपासून, झोप लागते का, असं ती खोदून खोदून विचारायची.

त्या वर्षी म्हातारपणच्या चक्करीवरच्या एका गोळीची चाचणी चालू होती. दोनशे दहा माणसं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली मिळते, हे ना त्यांना ठाऊक, ना आत्याला, ना डॉक्टरांना. गोळी झोपताना घ्यायची आणि महिन्यातून एकदा सकाळी अकराला तपासणीला यायचं. बऱ्याच जणांची चक्कर कमी झाली होती. मोठे डॉक्टर सहा वर्षं या गोळीच्या मागे होते. एरवी तोंडातून शब्द निघायची मारामार, पण हल्ली ते जिना चढताना शीळ घालायचे.

फक्त चौदाजण यायचे बंद झाले होते. आकडेवारी सांभाळणारा तरुण म्हणाला की अशी गळती प्रत्येक चाचणीत होते, चौदा म्हणजे दर्यामें खसखस. आत्याच्या ते पचनी पडेना. ती थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी त्या चौदाजणांना कारण विचारायची परवानगी दिली, पण एक अट घातली: परत या म्हणून कुणाला गळ घालायची नाही. सोडून जायचा त्यांना हक्क आहे.

फोनवर सगळ्यांची उत्तरं गुळमुळीत. वेळ नाही, लांब पडतं, कंटाळा आला. मग आत्या त्यांची परवानगी घेऊन एकेकाच्या घरी जायला लागली. स्कूटरवरून तिला सोडायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून त्या चौदातल्याच एका निवृत्त पोस्टमनकाकांच्या घरी मी होते.

काका आधी काही पत्ताच लागू देईनात. सोडलं म्हणजे सोडलं, एवढंच. आत्याने गोळीचा विषयच काढला नाही. ती म्हणाली, “सकाळी जाग आल्यावर तुम्ही काय काय करता, मला क्रमाने सांगा.”

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत काकू भांडी लावत होत्या. त्यांनी आवाज खाली आणला.

“पस्तीस वर्षं चाललो हो. कधी ठेच लागली नाही. आणि आता पलंगापासून चार पावलांवर कोसळतो. तीनदा झालं. गोळी सोडली नि थांबलं. हिला सांगितलं, कोपर कपाटावर आपटलं.”

“आम्हाला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? म्हातारा झाला, असंच म्हणाला असतात.”

पुढच्या दहा दिवसांत चौदापैकी बाराजण भेटले. त्यातले सातजण पहाटे उठताना पडले होते आणि प्रत्येकाने दोष स्वतःच्या वयाला दिला होता. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गोळीचा जोर पहाटे असणार, तेव्हा उठून उभं राहताच रक्तदाब उतरत असणार, आणि आपण तो मोजतो अकराला, तोही खुर्चीत बसवून.

तिने हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “सिस्टर, पहाटे मोजू या. मीही येतो.”

त्याच दुपारी त्यांनी चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला कळवलं. सगळ्यांना फोन गेले की उठल्यावर आधी पलंगावर बसा, घाईने उभे राहू नका. दुसऱ्या दिवसापासून, जे हो म्हणाले त्यांच्या घरी दोघं दिवस उजाडायच्या आत पोचायचे. आडवं असताना एकदा मोजायचं, उभं राहिल्यावर आधार देऊन पुन्हा. आठवडाभरात एकोणीस जणांचा दाब उभं राहताच धाडकन खाली आलेला दिसला. कुणाला कुठली गोळी मिळते याची बंद यादी समितीने उघडली. एकोणीसपैकी अठराजण खऱ्या गोळीवर होते. चाचणी त्याच दिवशी थांबली.

आत्याला जेवण जाईना. कुणाचं तरी बांधून होत आलेलं घर आपण पाडलं, असं तिला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर तिच्या टेबलापाशी येऊन बसले.

“ही गोळी दुकानात गेली असती,” ते म्हणाले, “तर पडणाऱ्यांना मोजायला तिथे तुम्ही नसता.”

त्यांनी निष्कर्ष जसेच्या तसे छापले. काय चुकलं, कुठल्या वेळी मोजायला हवं होतं, काहीही झाकलं नाही. लेखकांमध्ये आत्याचं नाव त्यांच्या शेजारी होतं. त्या विभागात आता चक्करीच्या प्रत्येक रुग्णाचा दाब आडवा आणि उभा, दोन्ही मोजतात, आणि पुष्कळांची चक्कर आधीपासून चालू असलेल्या इतर गोळ्या कमी केल्यावर थांबते.

यादी उघडल्यावर आत्याने चाचणीतल्या सगळ्यांना स्वतः फोन केले. पोस्टमनकाकांना तिने सांगितलं की पडण्यात तुमची काही चूक नव्हती, ते गोळीमुळे झालं, आणि तुम्ही बोललात म्हणून ते बाकीच्यांच्या बाबतीत वेळेत कळलं.



“जरा थांबा,” काका म्हणाले. “हिला फोन देतो. हे सगळं तिलाही सांगा.”

काकू फोनवर आल्या, आणि आत्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.