बोडणाला चौथी सवाष्ण

लोकसभेचा निकाल शुक्रवारी लागणार हे भास्कररावांना महिनाभर आधीपासून पाठ होतं. नातीचं बोडण शुक्रवारी भरायचं हेही त्यांनीच ठरवलं होतं. दोन्ही शुक्रवार एकच आहेत, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. मास्तरकी सुटल्यापासून यांचं डोकं फक्त राजकारणात चालतं, असं माई म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

घरात बाळ आलं की देवीचं बोडण भरायचं, ही त्यांच्या कुळाची रीत. चार सवाष्णी आणि एक कुमारिका परातीभोवती बसून नैवेद्य, दूध, दही, मध हातांनी कालवतात, आणि तोवर सगळ्या उपाशी. माई होत्या, सून स्वानंदी होती, शेजारची अल्पना आणि तिची लेक चिऊ होती. चौथी सवाष्ण म्हणजे समोरच्या उमाबाई. देवाससारख्या हिंदी मुलखातल्या गावी, देवीच्या टेकरीखाली, ही रीत पाळणारं दुसरं घर आता शोधून सापडलं नसतं. उमाबाई आल्या नाहीत, तर पोरीचा पहिलाच कुळाचार राहणार होता.

आणि त्यांनी यावं तरी कशाला? त्यांचे यजमान बापू जन्मभर जुन्या पक्षाचे. सकाळी दिल्लीतलं सरकार बदलल्याचं टीव्हीवर दिसलं, तसे भास्करराव बोडणाची आठवण द्यायला निघाले, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून पेढे घेऊन गेले. बापूंनी तोंडावर दार लावलं.

"अहो, हरलेल्या माणसाच्या दारात पेढे नेतात का?" माईंनी विचारलं.

"शुभकार्याचा बुलावा होता. बापू खामखां मनाला लावून घेतो."

बाहेर फटाके फुटत होते. ओली बाळंतीण स्वानंदी उपाशी बसली होती. माईंचा जीव टांगणीला लागला होता.

आणि उमाबाई आल्या. नऊवारी नेसून, तोंड घट्ट मिटून, भास्कररावांकडे न बघता थेट परातीपाशी बसल्या. त्यांना कुंकू लावताना माईंचे डोळे भरून आले. आल्या, एवढंच पुष्कळ होतं.

कालवायला सुरुवात झाली. सवाष्ण देवीच्या वतीनं मागेल ते घरच्यांनी द्यायचं. नाही म्हणायची सोय नाही. "दूध," उमाबाई म्हणाल्या. माईंनी ओतलं. "आणखी." घरातलं दूध संपलं. पुरुषांनी बोडण बघायचं नसतं, म्हणून माईंनी दाराआडून हाक दिली आणि भास्करराव पिशवी घेऊन पळाले. विजयाच्या जुलुसातल्या पोरांनी "मास्साब, गुलाल तो लगवाओ" म्हणत त्यांना अडवलं. दूध छातीशी धरून, गुलाबी तोंडानं ते परतले.

"दही." पुन्हा गेले. अल्पना पदराआड हसू लागली.

"आता मध," उमाबाई म्हणाल्या.

घरातला मध सकाळच्या पंचामृताला गेला होता. एव्हाना जुलुसामुळे दुकानंही बंद झाली होती. मध कुणाकडे असतो, हे गल्लीला ठाऊक होतं. बापूंना बारमाही खोकला. उमाबाई खाली मान घालून कालवत राहिल्या.

समोरची कडी वाजली. खिडकीतून माईंना सगळं ऐकू आलं.

"बापू, मध पाहिजे. बोडणाला."

दार करकरत उघडलं.

"सकाळी चुकलो भिया. अकलेचा भाग नाही माझ्यात."

"तोंड पुसा आधी," बापू म्हणाले.

थोड्या वेळानं दाराच्या फटीतून मधाची बाटली आत आली. हात भास्कररावांचा नव्हता. "बाळाला बघायला येतो नंतर," बाहेरून बापूंचा आवाज आला, आणि ते खोकले.

माईंनी मध ओतला. उमाबाईंनी एकवार कालवलं. "पुरे," त्या म्हणाल्या. "देवी तृप्त झाली."

माईंनी त्या कालवणातच त्यांचा हात घट्ट धरला. उमाबाईंनी तो सोडवून घेतला नाही.