पाच पाकळ्यांची घोळ

मी घोळ. मातीला टेकून पसरणारी, लालसर देठाची, जाड गुळगुळीत पानांची. शेतकरी मला तण म्हणतात, बायका मला भाजी म्हणतात आणि पुस्तकात माझं नाव पोर्टुलाका ओलेरेसिया असं आहे. तिन्ही नावांना मी ओ देते.

उमरग्याजवळ द्वारकाबाईंच्या सोयाबीनच्या रानात माझा जन्म झाला. आमचं बी मोहरीपेक्षाही बारीक, काळं आणि खरबरीत. ते ज्या बोंडात असतं त्याला करंड्यासारखं टोपण असतं. टोपण गळून पडलं की बी मातीत सांडतं आणि वेळ येईपर्यंत वर्षानुवर्षं निवांत पडून राहतं. घाई कसली? माझी वेळ यंदाच्या जुलैत आली.

माझी भावकी मोठी आहे. घरापुढच्या कुंडीत रंगीत फुलांचा चिनी गुलाब बघता ना, तोही आमच्याच भावकीतला. त्याला लोक रोज पाणी घालतात, मला खुरपं घालतात. माझी तक्रार नाही. रानात माझ्या शेजारी चिघळ उगवली होती. ती माझ्याहून बारीक, नाजूक, पण घडण तीच. अनोळखी माणसाला आम्ही दोघी एकच वाटतो. या गोष्टीत सगळा वाद तिच्या-माझ्यावरूनच झाला.

रविवार होता. खुरपायला पाच-सहा बायका आल्या होत्या. प्रत्येकीनं खुरपायला आपापली पात, म्हणजे रानाचा एकेक पट्टा, धरला. चांगुणाची पात माझ्यावरूनच जाणार होती. तिच्या मागं तिची मुलगी भाग्यश्री खुरपत होती. भाग्यश्री कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, सुट्टीच्या दिवशी आईला हातभार लावते. त्या दिवशी मात्र तिचं तोंड उतरलेलं होतं.

"आई, माझ्या वहीतलं पान सरांनी खोडलं," ती म्हणाली.

"कुठलं पान?"

"घोळ आन् चिघळ दोन जाती हायत म्हणून लिवलं हुतं. सर म्हणले, एकच हाय. पाणी कमी पडलं की बारीक ऱ्हाती, जास्त झालं की मोठी हुती."

"तुला कुणी सांगितलं म्हणून विचारलं असंल."

"विचारलं. मी म्हणलं, आईनं."

"मग?"

भाग्यश्रीनं एक ढेकूळ उगीचच फोडलं. "समदा वर्ग हसला."

शेजारच्या पातीवरून कडूबाई म्हणाली, "हसू दे गं. ताटात भाजी वाढल्यावर गप खातेत का न्हाय?"

"उद्या वही द्यायची हाय," भाग्यश्री म्हणाली. "एकच जात म्हणून लिवते आन् मोकळी हुते. आईचं खरं म्हणून मी कुणाकुणाशी भांडू?"

हे मला लागलं. माणसांनी मला तण म्हटलं तरी मी मनावर घेत नाही. पण आईचं खरं असताना ते लेकीनं आपल्या हातानं खोडायचं?

चांगुणा रागावली नाही. ती माझ्याजवळ उकिडवी बसली. "लिही की. वही तुजी हाय. पर आदी डोळ्यानं बघ, मग खोड. ही चिघळ. हिच्या दर सांध्याला पांढरं जावळ हाय बघ. सांधा भुईला टेकला की मुळी सोडती. आता ही घोळ. हाय का हिला जावळ?"

"सर म्हणतेत, असल्या बारीक केसावर जाऊ नको. फूल दाखव म्हणले, पाकळ्या मोजू."

"मग दाखव. धा वाजता उघडतंय."

चांगुणानं आम्हा दोघींना सोडून पुढची पात धरली. बांधावरून द्वारकाबाईंनी ते बरोबर पाहिलं. "चांगुणा! तुजी पात दात पडल्यावानी का गं दिसती? मधीच काय सोडलंस?"

"दोन पाव्हण्या हायत, बाई. फुलल्या की काढते."

"तण फुलायची वाट बघणारी बाई म्या आजच बघितली!" द्वारकाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या पाती हसल्या. हे हसणं मात्र बोचणारं नव्हतं.

दहा वाजले. आभाळ भरलेलं होतं. मी खरं तेच सांगते, मला लख्ख ऊन लागतं. ऊन नसलं की मी कळी उघडत नाही. त्यानं माझं काही अडत नाही, मिटल्या कळीतही माझं बी धरतं. पण मिटल्या कळीच्या पाकळ्या कोण मोजणार? अकरा वाजले, बारा वाजले. भाग्यश्री दर थोड्या वेळानं येऊन वाकायची आणि तशीच परत जायची.

दुपारी द्वारकाबाई म्हणाल्या, "आता तर काढ गं त्यास्नी."

चांगुणानं आम्हाला मुळासकट काढलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलं.

"उपटल्यावर फुलंल व्हय आता?" भाग्यश्रीनं विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"ही? हिला बांधावर उलटी टाकली तरी फुलती, बी पण टाकती. म्हणून तर आमी हिला उपटून रानात ठेवत न्हाय, पदराच्या वट्यात घालून घरी नेतो. मालकिणीचं रान साफ, आपल्याला भाजी. उगंच रिवाज पडलाय का?"

आजवर माझं इतकं अचूक वर्णन मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नव्हतं.

सोमवारी आभाळ मोकळं झालं. भाग्यश्रीनं आम्हाला प्रयोगशाळेच्या खिडकीत काचेच्या बशीत ठेवलं. बिराजदार सरांनी तिची वही उघडली.

"पान तसंच? दुरुस्त नाही केलंस?"

"सर, दहापर्यंत थांबाल का?"

"दहाला काय मुहूर्त आहे?" सर म्हणाले, आणि वर्ग पुन्हा हसला. भाग्यश्रीनं मान खाली घातली, पण वही परत घेतली नाही.

माझ्या मुळांना माती नव्हती. पण माझ्या देठात आणि पानांत पाणी साठवलेलं असतं, ते अशाच दिवसासाठी. ऊन सरकत बशीवर आलं. मी कळी सैल केली. एक पाकळी, मग दुसरी, मग सगळ्या पिवळ्याजर्द. शेजारी चिघळही उमलली.

"सर!" मागच्या बाकावरची अक्षदा ओरडली. "उघडलं!"

सर खिडकीशी आले. सुईच्या टोकानं त्यांनी माझ्या पाकळ्या मोजल्या. "पाच." मग चिघळीच्या मोजल्या. ते थांबले, चष्मा पुसला, पुन्हा मोजल्या. "चार." भिंग घेऊन त्यांनी चिघळीचे सांधे पाहिले, जावळ पाहिलं. मग कपाटातून एक जाड पुस्तक काढून उभ्यानंच वाचलं. "पोर्टुलाका क्वाड्रिफिडा," ते हळूच म्हणाले. "क्वाड्री म्हणजे चार. नावातच आहे की."

ते वर्गाकडे वळले. "लिहून घ्या. जाती दोन आहेत. मी चुकलो होतो." मग भाग्यश्रीला विचारलं, "तुझी आई काय करते?"

"खुरपायला जाते, सर."

या वेळी कुणी हसलं नाही.

सरांनी आम्हाला वाळवून कागदावर लावायला सांगितलं. माझं फूल भाग्यश्रीनं आधीच खुडून वेगळं दाबून ठेवलं. मला मात्र उकळत्या पाण्यात बुडवावं लागलं, कारण नुसती कागदात दाबली तर मी आत जगतच राहते. मला त्याचं दुःख नाही. माझ्या आधीच्या फुलांची बोंडं रानात केव्हाच रिकामी झाली होती. पुढच्या वर्षी द्वारकाबाईंना कळेलच.

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. तिच्यावर झाडाचं नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि ओळख पटवणाऱ्याचं नाव लिहितात. चिठ्ठी भरताना भाग्यश्रीनं सरांना विचारलं होतं, "ओळख पटवणाऱ्याचं शिक्षण लिहावं लागतं का?"

"नाही," सर म्हणाले होते. "फक्त नाव."

घरी चांगुणानं कागद हातात घेतला आणि बोट ठेवत ठेवत वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"माजं नाव कशाला गं? परत हसतेल."

"हसू दे."

चांगुणानं त्या नावावरून पुन्हा बोट फिरवलं. "आन् नुसतं चांगुणा का लिवलंस? मजुराच्या हजेरीत लिवतेत तसं. पुरं लिही."

भाग्यश्रीनं नवी चिठ्ठी घेतली आणि ठळक अक्षरात लिहिलं: चांगुणा राजपाल सोनकांबळे.

आता मी कॉलेजच्या कपाटात आहे. पानं तपकिरी झालीत, देठाचा लाल रंग गेलाय, पण फुलाच्या पाकळ्या नीट पसरून चिकटवलेल्या आहेत. कधी इकडं आलात तर त्या मोजा, पाच भरतील. मग खालच्या ओळीतलं नाव वाचा, मोठ्यानं आणि पूर्ण.