ठोकळ्याची वाटणी

घटस्फोट घ्यायचं पक्कं झाल्यावर दाताच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या बायकोने सगळी वाटणी एका दुपारी, जेवणाच्या टेबलाशी बसून, आवाज न चढवता उरकली. घर तिच्याकडे, दवाखाना त्यांच्याकडे. कपाटं, गाद्या, पुस्तकं, मिक्सर असं एकेक मार्गी लागत गेलं. मुलगी तेव्हा शाळेत होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि रडायची मात्र डोळ्यांत पाणी आणेल अशी, म्हणून घरात तिला मिरी म्हणत. मिरी आईकडे राहील आणि सुटीला बाबाकडे जाईल, हेही ठरलं. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. अंगणात ताडपत्रीखाली उभा असलेला ठोकळा दोघांनाही हवा होता.

ठोकळा म्हणजे त्यांची जुनी गाडी. चारही चाकं ओढणारी, उंच, आणि नावाप्रमाणे चौकोनी. काच सपाट, बोनेट सपाट, दारं सपाट. जणू कुणी पट्टी धरून काढली असावी. बायको जमीन मोजणीच्या खात्यात होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी खात्याने आपल्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या आणि त्यातली सगळ्यात मोडकी या दोघांनी घरी आणली, तीही ओढून. पुढे दोन-तीन वर्षं त्यांच्या सगळ्या सुट्या त्या गाडीखाली गेल्या. डॉक्टर दवाखान्यातला कपाळावरचा दिवा लावून गिअरबॉक्समध्ये डोकावत. बायकोने चासी, म्हणजे गाडीची खालची चौकट, वाकली आहे का ते मोजणीच्या यंत्रावर तपासलं, आणि ती बोटभर वाकली होती. ती सरळ करून घेतल्यावर ठोकळा असा काही चालायला लागला की दोघं त्याला घेऊन नकाशात रस्ता नसलेल्या ठिकाणीही जाऊन आली. मिरीचं बालपण मागच्या आडव्या बाकावर, आदळत आपटत गेलं. दोघांचं नंतर का बिनसलं, याला एक असं कारण नव्हतं. घरात दोघांचीही मतं पक्की होती आणि दोघांनाही ती बोलून दाखवल्याशिवाय चैन पडत नसे, इतकंच.

शेवटी ठोकळा एक महिना याच्याकडे, एक महिना तिच्याकडे, असं ठरलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर ताबा बदलायचा. तिथेच कधीतरी दोघांमधल्या ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं. “पुढच्या डाव्या स्प्रिंगचा पाटा कुरकुरतोय, बघून घ्या,” ती म्हणायची. “वायपर मी बदललेत, तुम्ही परत बदलू नका,” हे म्हणायचे. ठोकळ्याची मात्र यात चैन झाली. एकाच्या महिन्यात तेल बदललं की दुसरा ते तपासून परत बदलायचा. अख्ख्या गावात इतकी जपलेली म्हातारी गाडी दुसरी नव्हती.

तसल्या गाड्या बाळगणाऱ्यांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा सगळे बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत जमायचे. अध्यक्ष म्हणजे इतिहासाचे निवृत्त मास्तर. ते दर वर्षी एका खडकावर चढून तेच भाषण करायचे आणि लोक दर वर्षी ते मनापासून ऐकायचे. मोठी लढाई संपली होती, मास्तर सांगत, पोलाद मिळत नव्हतं, साचे करायला कुणाकडे सवड नव्हती. म्हणून पत्रा हाताने वाकेल तेवढाच वाकवला, आणि अंगावर अ‍ॅल्युमिनियम चढवलं, कारण तेच उरलं होतं. गाडी शेतकऱ्यासाठी केली होती. नांगर ओढावा, दुधाचे कॅन वाहावेत, एवढीच अपेक्षा. पण शेतकऱ्याकडून ती गुरांच्या डॉक्टरांकडे गेली, तिथून वाळवंटात, जंगलात, बर्फात, फौजेत गेली. जिथे जाईल तिथे ती पान्याने आणि हातोडीने दुरुस्त होई, कारण तिच्यात लपवलेलं असं काहीच नव्हतं. प्रत्येक बोल्ट डोळ्यांना दिसे. पुढे मऊ गाद्यांच्या, गारेगार गाड्या आल्या आणि कारखान्याने हिचं उत्पादन थांबवलं. “आणि थांबवल्यावर लोकांना कळलं, की आपण काय गमावलं,” असं म्हणून मास्तर खाली उतरत, आणि उतरताना दर वर्षी कुणीतरी त्यांना हात देई.

गाडीत सुख म्हणाल तर नावाला नाही. उन्हाळ्यात इंजिनाची धग पायांना, थंडीत वारा दारांच्या फटींतून. दार लावताना आवाज आला नाही तर दार लागलंच नाही असं समजावं. पण ती तिच्या बेताने, न घाबरता, चढणीला लागली की आत बसलेल्यालाही आपण कशाला घाबरायचं असं वाटू लागतं. मंडळातल्या माणसांना एकमेकांशी बांधणारी गोष्ट बहुधा तीच होती.

मिरी भूगर्भशास्त्र शिकली आणि जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या संस्थेत तिला नोकरी लागली. काम लांबच्या, उजाड मुलखात. विहिरींची पातळी बघत फिरायचं आणि बोअर कुठे घ्यायची ते सांगायचं. रुजू होण्याआधी तिने आईला आणि बाबाला एका हॉटेलात बोलावलं आणि कॉफी यायच्या आतच सांगून टाकलं, की तिला ठोकळा हवा आहे. महिन्याभरापुरता नको, कायमचा हवा.

आई म्हणाली, तिकडे मदतीला माणूस नाही. बाबा म्हणाला, ब्रेक लावून लावून तुझा पाय दुखेल. दोघांचं इतकं एकमत गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मिरीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “यंदा खाणीतल्या जिन्यावर ठोकळा मी चढवते. चढला तर ठोकळा माझा. नाही चढला तर विषय संपला.”

जिना म्हणजे खाणीच्या टोकाची चढण. दगड कापून नेल्यावर मागे राहिलेल्या वेड्यावाकड्या पायऱ्या, आणि मधोमध बैलाच्या पाठीसारखा एक खडक. मंडळातल्या निम्म्या गाड्या तिथून मागे फिरायच्या, पण अडली तर परत चढवून बघायची मुभा होती.  मग आई म्हणाली की तिची हरकत नाही, आणि बाबानेही मान डोलावली. आपण हो म्हटलं तरी समोरचा नाही म्हणेल, असं दोघांनाही वाटत होतं. असा तो होकार झाला.

मधल्या दोन महिन्यांत मिरी शिकली. आईच्या महिन्यात आईकडून, बाबाच्या महिन्यात बाबाकडून. आई मुळात मोजणीवाली. ती गाडी थांबवायला लावायची, खाली उतरवायची, चढण पायी चालायला लावायची. कुठला दगड हलतो, कुठला नाही, चाक कुठे टेकेल, दोन चाकांच्या मधला, पोटाखालचा डिफरन्शिअलचा गोळा कुठे घासेल, हे सगळं बघितल्याशिवाय गाडीत परत बसायचं नाही. बाबाची तऱ्हा निराळी. तो म्हणायचा, लो गिअर टाक, क्लचवरून पाय काढ, आणि बुडाखालून काय कळतं ते बघ. थांबलीस की गेलीस. मिरीने दोन्ही शिकून घेतलं. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याबद्दल तिने अवाक्षर सांगितलं नाही.

खाणीत त्या दिवशी ऊन कोवळं होतं आणि गर्दी नेहमीपेक्षा जास्त. आईबाप पोरीला गाडी देणार की नाही, ही बातमी सगळ्या मंडळात झाली होती. जिन्याला नियम असा, की गाडीच्या पुढे एक वाटाड्या उभा राहतो आणि हातांच्या खुणांनी चालवणाऱ्याला वाट दाखवतो. कारण वर चढताना समोर नुसतं बोनेट आणि आभाळ दिसतं. आई वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. बाबाला वाटाड्या व्हायला कुणी सांगितलं नव्हतं, पण तो उजव्या बाजूला, खालच्या अंगाला जाऊन उभा राहिला.

मिरीने लो गिअर टाकला. ठोकळा पहिली पायरी सहज चढला. दुसरीवर आईने डावीकडे हात केला, डावं चाक त्या बैलाच्या पाठीवर चढव म्हणून. त्याच क्षणी बाबाने उजवीकडे हात केला, भिंतीला धरून ये म्हणून. मिरीने स्टिअरिंग थोडं डावीकडे घेतलं, थोडं उजवीकडे. गोळा खडकावर जाऊन ठक्कन बसला, मागचं एक चाक हवेत फिरायला लागलं आणि इंजिन बंद पडलं.

खाली उभी असलेली माणसं पुढे सरकली. बोलली ती दोघंच.

“अहो डॉक्टर, तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधे यायला?”

“मी मधे आलो नसतो तर तुम्ही पोरीला कड्यावर नेऊन ठेवलं असतं.”

“तिथे कडा नाहीये. मी मोजलंय.”

“सगळंच मोजून होत नाही.”

“हो का. मग तुझं कधी न मोजता झालंय सांग बघू.”

“अगं, तू माझं एकदा तरी ऐकून घेतलंयस का?”

मिरीने हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, उतरून चाकाखाली दगड लावला आणि पायी चढण चढायला लागली. दोघांच्या मधून ती गेली तेव्हा दोघंही बोलायची थांबली. ती आईच्या जागेवरून खाली पाहत राहिली, मग बाबाच्या जागेवरून वर पाहत राहिली. डावीकडची वाट चांगली होती. उजवीकडचीही चांगली होती. दोन्हीकडून गाड्या चढल्याच्या टायरच्या खुणा दगडावर होत्या. दोन्ही वाटांच्या मधे मात्र नुसते ओरखडे होते, गोळे घासल्याचे.

ती खाली आली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता. “मी डावीकडून जाणार आहे,” ती म्हणाली. “आई, तू वर उभी राहा. चाक खडकावर बसलं की हात वर कर. बाकी काही दाखवू नकोस, बाकीचं मी बघून आले आहे. बाबा, तू माझ्या शेजारी बस.”

“मी कशाला?”

“डावीकडे वजन हवंय.”

डॉक्टर येऊन बसले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना खुर्चीत बसवलं होतं. आपण बसून हाताला काम नसणं हे त्यांना नवीन होतं. त्यांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. मिरीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. “तोंड बंद ठेव आणि हलू नकोस, बाबा. लगेच होईल.” मागच्या गाडीजवळ कुणीतरी हसलं. त्या माणसाची दाढ डॉक्टरांनीच काढली होती.

गाडी खडकावरून मागे घेतली. परत लो गिअर. मिरीने क्लचवरून पाय काढला आणि ठोकळा आपणहून, जात्यासारखा घरघरत, पुढे सरकला. डावं चाक खडकाला लागलं, थबकलं, रबर दगडात रुतल्यासारखं झालं आणि मग हळूहळू वर यायला लागलं. गाडी उजवीकडे कलली. मिरीच्या दारातून जमीन हाताला लागेल इतकी जवळ आली. डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. वर आई दोन्ही हात खाली धरून उभी होती. सवयीने डावा हात दोनदा उठायला गेला, तो तिने दुसऱ्या हातात पकडून ठेवला. मग चाक खडकावर पूर्ण बसलं तसा तिने हात उंच केला. मिरीने अ‍ॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबला. मागची चाकं पायरीला भिडली, पत्रा कण्हला, मागच्या बाकावरचा पाण्याचा कॅन दाणकन पडला, आणि बोनेट खाली आलं. समोर आभाळाच्या जागी आई दिसली, अगदी काचेजवळ, आणि ती बाजूला व्हायला विसरली होती.

खाली टाळ्या पडल्या. अध्यक्ष मास्तरांनी या वेळी कुणाचाही हात न धरता आपल्या भाषणाच्या खडकावरून उडी मारली आणि पाय मुरगळून घेतला, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

वर तिघांनाच जागा होती. आईने बोनेटवर हात ठेवला, तो गरम होता म्हणून काढला, आणि परत ठेवला. डॉक्टर उतरले.  “छान आणलीस,” ते म्हणाले. आई म्हणाली, “उजवीकडूनही आली असती.” डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने ते मुद्दाम म्हटलं नव्हतं. तिने ती वाट वर उभं राहून मनात मोजली होती आणि आकडा जमला होता. “आली असती,” डॉक्टर म्हणाले, “पण ही जास्त सुंदर आली.” मग दोघांनी आपापल्या खिशातल्या किल्ल्या काढून मिरीच्या हातावर ठेवल्या.

मिरी नोकरीवर गेली त्या सकाळी दोघांनीही सामान भरायला मदत केली आणि त्यातही दोरी कशी बांधायची यावरून त्यांचं जुंपलंच. दोघं परत एकत्र राहायला लागली असं काही झालं नाही. आई मंडळात नव्या लोकांना वाटाड्याच्या खुणा शिकवायला लागली, आणि तिची शिस्त फौजेसारखी आहे अशी कुजबुज सुरू झाली. डॉक्टरांनी तसलाच एक मोडका ठोकळा शोधून दवाखान्यामागे आणून टाकला. चासी तपासायची होती, म्हणून त्यांनी मिरीच्या आईला फोन केला. ती यंत्र घेऊन आली, चासी तपासली आणि घरी गेली. दर आठवड्याला तपासण्यासारखं काही ना काही मात्र निघत राहिलं.

मिरीचा फोन आला तो पावसाळ्यानंतर. तिने दोघांना एकदम फोनवर घेतलं होतं. ओढ्याला पाणी होतं, पलीकडे विहीर होती, आणि पात्राचा फोटो तिने दोघांना पाठवला होता. आई म्हणाली, उतरून काठीने खोली बघ, वरच्या अंगाला खडी दिसतेय, तिथून जा. बाबा म्हणाला, खडी सैल असते, खालच्या अंगाला कातळ आहे, तिथून सरळ घाल आणि मधे थांबू नकोस. आईने कातळावरच्या शेवाळाचा मुद्दा काढला. बाबाने शेवाळाचा अनुभव सांगितला. पाचेक मिनिटं झाल्यावर आईच्या लक्षात आलं की मिरी बोलत नाहीये, आणि तिने विचारलं की ऐकतेयस ना.

“ऐकतेय,” मिरी म्हणाली. “फोटो पलीकडे आल्यावर काढलाय. तुमचं चालू द्या, मी तेवढ्यात पाण्याची पातळी घेऊन येते.”