स्थळासाठी काढलेला फोटो

"वाहेदभाऊ, माह्या ज्ञानेश्वरचा फोटू मोठा करून दे. उद्या तेरवी हाये."

गोजरबाई दुकानाच्या पायरीवर उभी होती आणि माझ्या कॉम्प्युटरवर लाल पाटी येऊन दीड तास झाला होता. सगळी इंग्रजी पाटी, पैसे मागणारी, खाली घड्याळ उलटं पळतंय. कोणताही फोटो उघडायला जावं, तर उघडत नव्हता. नावंसुद्धा बदलली होती, भलतीच अक्षरं चिकटली होती त्यांना. मी म्हणालो, "बस बाई, बस." दुसरं काय म्हणणार होतो, कप्पाळ?

"स्थळासाठी काढला व्हता पाह्य, तुह्या कोटातला," ती म्हणाली. "त्यात हासते तो."

संग्रामपुरात माझा स्टुडिओ बावीस वर्षांचा. आमच्या तालुक्यात हौसेनं फोटो काढणारे थोडे. बँकेला फोटो लागतो, शाळेला लागतो, अनुदानाच्या अर्जाला लागतो, म्हणून माणूस येतो, स्टुलावर ताठ बसतो आणि जातो. पुढं तो मेला, की घरचे माझ्याकडे येतात. कारण त्याचा शेवटचा बरा चेहरा माझ्याकडेच असतो. मी गाव आणि नाव विचारून तो शोधायचा, मोठा करायचा, मागं निळं आभाळ टाकायचं. कॉम्प्युटर घेतल्यापासून बारा वर्षांतला एकही फोटो मी पुसला नव्हता. "वाहेदभाऊकडं असंन," असं लोक म्हणायचे, आणि खरं सांगतो, मला त्याचा गर्व होता.

त्या वर्षी बोंडअळीनं बीटीलाही जुमानलं नाही. बियाण्याच्या पाकिटावर काही का छापलेलं असेना, फवारणीवर फवारणी चालली होती. कपाशी डोक्याच्या वर गेलेली. ज्ञानेश्वर पाठीवर पंप घेऊन तिच्यात शिरला, वारं फिरलं तरी थांबला नाही. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी खामगावच्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला. पंचवीस वर्षांचं पोरगं. त्याच्या फोटोच्या तीन प्रती काढल्या होत्या, त्या तिन्ही मुलीवाल्यांकडे गेल्या आणि नकार कळवून कोणी फोटो परत पाठवत नाही. आईकडे उरलं होतं फक्त आधार कार्ड. त्यावर एक काळपट डाग, डागात दोन डोळे.

"यात माहा पोरगा कुठं दिसते?" तिनं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "तुह्याकडचाच पाह्यजे."

"पाहतो. सकाळी घरी आणून देतो," मी म्हणालो. खोटं बोललो. ती कार्ड तिथंच ठेवून वाडीकडे निघून गेली.

मग मलिहाला फोन लावला. माझी थोरली, खामगावात कॉम्प्युटरचा क्लास घेते.

"अब्बा, शेवटी काय उघडलं व्हतं तुमी?"

"लग्नाच्या फोटूभोवती लावाच्या फ्रेमा. ईमेलवर आल्या व्हत्या. कलीमले बी धाडल्या, बाकीच्या स्टुडिओवाल्यायले बी धाडल्या."

"कोणत्या प्रोग्राममंदी उघडल्या?"

"नेहमीच्याच."

"त्याच जुन्या? या अल्ला! अब्बा, दोन साल झाले मी सांगून राह्यली तुमाले!"

तो प्रोग्राम अकरा वर्षांपूर्वी एका मासिकाबरोबर सीडीवर आला होता. फुकट, आणि चोरीचा नाही. कोण कुठले लोक, रात्रंदिवस खपून बनवला आणि जगाला वाटून टाकला. बाकीचे स्टुडिओवाले चोरीचे प्रोग्राम वापरत, माझं काम हलालीचं, असं मी छाती फुगवून सांगायचो. त्या सीडीच्या प्रती काढून अकरा दुकानांत वाटल्या. सवाब मिळेल, पुण्य लागेल म्हणून वाटल्या, बरं का.

त्या प्रोग्रामचा नवा अवतारही फुकटच होता. घ्यायचा तेवढा. पण तो उतरवायला डोंगलचा सगळा डेटा जायचा, आणि मलिहानं एकदा दाखवला तेव्हा सगळी बटणं इकडची तिकडं झालेली. माझा हात जुन्यावर बसलेला. एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर तुम्हाला सांगितलं असतं. जुन्यात एक भोक होतं, ते बनवणाऱ्यांना चार वर्षांपूर्वी सापडलं, त्यांनी बिचाऱ्यांनी ते बुजवलं, पैसा न घेता बुजवलं. आणि मी माझ्या बाजूनं ते उघडं ठेवून बसलो होतो. फ्रेमेच्या आड दडून जे आलं, ते तिथून आत आलं.

"पेन ड्राइव्ह हाये ना?" मलिहानं विचारलं.

"हाये तं! रोज सगळं त्यात बी टाकतो." मला एकदम धीर आला.

"कुठं हाये?"

"कॉम्प्युटरच्या मांगं. लावेल हाये."

"लावूनच ठेवता? काढत नाई?"

काढून कुठं ठेवायचा? नखाएवढी वस्तू, दुकानात हरवेल म्हणून मी तो वायरमनच्या काळ्या पट्टीनं तिथंच घट्ट चिकटवून टाकला होता. सहा वर्षं झाली असतील. हे तिला सांगितलं.

"मंग ते बी गेलं, अब्बा. जे जे लावेल व्हतं, ते सगळं गेलं."

"ते म्हणतीन तेवढे पैसे देऊन टाकतो."

"देऊ नका. दिले तरी उघडून देतीन याचा भरोसा नाई."

फोन ठेवतो न ठेवतो तोच मलकापूरहून कलीमचा आला. शागीर्द माझा, माझ्याच हाताखाली शिकलेला. आजवर त्यानं माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता.

"उस्ताद, तुमचीच सीडी, तुमच्याच फ्रेमा! नऊ लग्नं व्हती माह्या कॉम्प्युटरमंदी. लोकायले आता काय दाखवू?"

"कलीम, मले मालूम नव्हतं रे."

"मालूम नव्हतं तं वाटली काऊन?" म्हणाला आणि फोन कापला. दिवसभरात आणखी तिघांचे आले. उरलेल्यांचे का आले नाहीत, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुपारच्या एसटीनं आधार कार्ड घेऊन खामगावच्या फोटो लॅबमध्ये गेलो. लॅबवाल्यानं कार्ड मोठं केलं, उजळलं, पुन्हा उजळलं. जितकं उजळावं तितकं पोरगं विरत गेलं.

"चाचा, याच वयाच्या दुसऱ्या कोनाचं तोंड घेतो अन् हासरं करून देतो," तो म्हणाला. "मायले काय समजते?"

मी हे आयुष्यभर केलंय. मेलेल्यांचे मिटलेले डोळे उघडलेत, आजारी गाल भरलेत, कुंकवाशिवाय बसलेल्या बाईला कुंकू लावून दिलंय. पण हे मात्र नको वाटलं. तिनं दुसऱ्याच्या लेकराचं हसू रोज पदरानं पुसत बसायचं, आणि ती रस्त्यात भेटली की मी मान खाली घालायची?

"हाये तसाच काढ," मी म्हणालो.

सकाळी वाडीत पोहोचलो तेव्हा अंगणात चुली पेटल्या होत्या. गोजरबाईनं फोटो हातात घेतला. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजे चोरी झाली?"

"नाई बाई. आतल्या सगळ्याले कुलूप घातलं त्यायनं. चावी त्यायच्याचपाशी."

"आत आले कसे ते?"

"दार उघडं व्हतं. म्याच ठेवलं व्हतं."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "त्या फोटूत कसा हासत व्हता रे तो? माह्या डोयासमोरून जाऊन राह्यलं आता. तू तं जवळून पाह्यला."

पाहिला होता. त्याचा चेहरा ताटाएवढा मोठा करून, त्यावरची एकेक पुळी पुसत मी अर्धा तास बसलो होतो. आठवायचा जीव तोडून प्रयत्न केला. पुळ्या आठवल्या, कॉलर वाकडी होती तेही आठवलं. हसू काही केल्या आठवेना. ओठ मिटलेले होते की दात दिसत होते, एवढंसुद्धा आठवेना. काहीतरी सांगून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"नाई आठवत, बाई."

तिनं मान हलवली आणि फोटो नेऊन पाटावर ठेवला. मी निघालो, तर म्हणाली, "जेवल्याबिगर जाऊ नको."

पाहुणे येत होते, फुलं वाहत होते. तिची नणंद सरस्वतीबाई फोटोसमोर वाकली आणि तशीच थबकली.

"वहिनी, हा कोनाचा फोटू ठेवला वं?"

अंगणातली माणसं वळून बघायला लागली. मी पंगतीत बसलो होतो, पत्रावळीवर भात वाढून झाला होता. माझी मान वर होईना.

"ज्ञानेश्वरचाच हाये," गोजरबाई म्हणाली. "त्याचा फोटू कधी चांगला आलाच नाई."

मग ती वरणाची बादली घेऊन पंगतीत आली. माझ्यापुढे वाकली, पळी भरून वरण वाढलं, आणि पुढच्या माणसाकडे सरकली.