पडद्याआडून वाचलेली खोली

मी एक जुना पडदा आहे. खिडकीला लावतात तो नव्हे आणि नाटक सुरू होताना वर जातो तोही नव्हे. मी पुठ्ठ्याचा आहे, चार घड्यांचा, टेबलावर उभा राहणारा. एका बाइंडरने उरलेल्या जाड पुठ्ठ्यातून मला कापले, सांध्यांना कापडी पट्ट्या चिकटवल्या आणि बाहेरच्या अंगावर किल्ल्याचे चित्र डकवले. चित्रातला बुरूज जरा कलला आहे. त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केली नाही, म्हणून मीही गप्प राहिलो.

मित्रांनो, माझे काम तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. काही मोठी माणसे रविवारी दुपारी टेबलाभोवती जमतात आणि आपण शूरवीर आहोत, जादूगार आहोत, चोर आहोत असे ठरवून एक गोष्ट खेळतात. तलवार लागली की हुकली, हे फासे सांगतात. पण ती गोष्ट चालवणारे एक माणूस लागते. पुढच्या दाराआड काय आहे, हे त्या एकालाच माहीत असते. त्याचे कागद इतरांना दिसू नयेत म्हणून मी मध्ये उभा राहतो.

आमच्याकडे गोष्ट चालवायची ती ताई. एरवी ती रंगकामाच्या कंपनीत नोकरी करायची. घरोघरी जाऊन भिंती मोजायच्या, ओल कुठे आहे ते पाहायचे आणि खर्चाचा अंदाज द्यायचा. त्यामुळे खोली कशी बघावी, हे तिला चांगलेच जमले होते. खेळातली मंडळी एखाद्या दारातून आत शिरली की ती माझ्या आतल्या अंगाला चिमट्याने लावलेला कागद वाचायची. आधी उजेड कसा आहे ते, मग वास, मग डोळ्यांत भरणारी एखादी वस्तू. वर्णन लांबले की खेळणाऱ्यांतले एक दातांचे डॉक्टर फाशांचा मनोरा रचायला घेत, म्हणून सगळे थोडक्यात. आणि खेळणाऱ्याला काय वाटते ते कधीच लिहायचे नाही. एकदा तिने ‘तुम्हाला भीती वाटते’ असे वाचले, तर डॉक्टर म्हणाले, “मला नाही बुवा वाटत.” तेव्हापासून तिने कानाला खडा लावला.

खोल्या ती दिसतील तिथून उचलायची. डॉक्टरांच्या दवाखान्यातली बाके, पिवळा दिवा आणि आतून येणारा घरघर आवाज तिने जसाच्या तसा एका छळकोठडीत घातला. डॉक्टर एवढे खूश झाले की पेशंटना सांगत सुटले. तिचे कौतुक झाले की मला माझेच झाल्यासारखे वाटे. मी नुसता पुठ्ठा, पण माझी मान ताठ होई.

मग ताईची काकू वारली. काका घरात एकटे राहिले. ते कुलपे दुरुस्त करायचे, पण हळूहळू त्यांनी दुकानही बंद ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या भिंतीला ओल आली म्हणून ताई एकदा त्यांच्याकडे जाऊन आली. आल्या आल्या तिने लिहायला घेतले. एवढी रंगून लिहिताना मी तिला कधी पाहिले नव्हते. कागद मला लावून ती एकटीच मोठ्याने वाचून बघू लागली.

‘आत उजेड आहे, पण शिळा. कुबट वास येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना कधीच सरून गेला आहे. कोपऱ्यात शिलाई मशीन आहे आणि सुईखाली अर्धवट शिवलेला अभ्रा अजून अडकलेला आहे. मांडणीवर दोन कप आहेत, धूळ एकावरच आहे. या खोलीत कित्येक वर्षांत जिवंत माणसाचे पाऊल पडलेले नाही.’

खेळात ही खोली एका मेलेल्या जादूगाराची होती. आपण मेलो आहोत हे त्याला अजून कळलेले नव्हते. खरे सांगतो, मला ते वर्णन फार आवडले. ती खोली कोणाची आहे, हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही.

पुढच्या रविवारी ताईचा धाकटा भाऊ आला तो काकांना घेऊनच. “घरात बसून काय करतात? खेळतील आपल्यात,” तो म्हणाला. ताईचा चेहरा उतरला. तो फक्त मलाच दिसला. काकांना खेळात चोर केले. जन्मभर लोकांची कुलपे दुरुस्त केलेल्या माणसाला चोर केल्यावर सगळे पोट धरून हसले. काकाही हसले.

तेवढ्या वेळात ताईला तो कागद काढून टाकता आला असता. तिने काढला नाही. इतकी चांगली खोली वाया घालवायचे तिच्या जिवावर आले. मंडळींना दुसऱ्या वाटेने नेऊ, असे तिने ठरवले असावे. पण या खेळात मंडळी नेमकी नको त्याच दारापाशी जातात.

“डावीकडचं दार,” डॉक्टर म्हणाले.

“त्याला कुलूप आहे,” ताई घाईने म्हणाली. “भलंमोठं. गंजलेलं. उघडणार नाही ते.”

झाले! सगळ्यांनी काकांकडे पाहिले. काका खुर्चीत पुढे सरकले आणि दोन्ही हात एकमेकांवर चोळले. “गंजलेलं ना? मग जोर नाही लावायचा. आधी तेल सोडायचं आणि थांबायचं,” ते म्हणाले आणि त्यांनी फासा टाकला. सगळ्यात मोठा आकडा पडला. धाकट्याने टेबल बडवले. कित्येक दिवसांत काकांच्या तोंडावर एवढा आनंद कोणी पाहिला नव्हता.

खोली रिकामी आहे, एवढे म्हटले असते तरी भागले असते. पण ताईची नजर माझ्यावरच्या कागदावर गेली आणि तिने वाचायला सुरुवात केली. आधी चाचरत, मग नेहमीच्या रंगात. शब्द चांगले होते ना! ते तिला ओढत घेऊन गेले.

“मशीन फोडा!” डॉक्टर ओरडले. “खजिना त्यातच असणार.”

“कशालाही हात लावू नका,” काका म्हणाले. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्याआडच्या ताईकडे बघत त्यांनी विचारले, “कित्येक वर्षांत कोणी आलेलं नाही म्हणालीस?”

“हो काका. म्हणजे... गोष्टीत.”

“तू आली होतीस की गं. मी चहा केला होता.”

ताईने खाली मान घातली, आणखी खाली, अगदी माझ्या आडोशाला. मी उभाच होतो. तिला काकांकडे बघावे लागू नये म्हणून मी तिथे होतो आणि काकांना दिसत होता तो कललेल्या बुरुजाचा किल्ला. माझ्या जन्मात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. काकांनी आपला फासा नीट डबीत ठेवला, सगळ्यांचा निरोप घेतला आणि ते गेले.

ताईने बरेच दिवस मला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी ती मला काखेत मारून काकांच्या घरी गेली. खेळ त्यांच्याकडेच मांडू, म्हणजे बोलायला सोपे जाईल, असा तिचा विचार होता. काकांनी दार उघडले, “ये” म्हणाले. खोली चकाचक होती. कॅलेंडर नवे होते. मांडणीवर एकच कप होता. कोपरा मोकळा होता आणि तिथल्या फरशीचा चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होता.

“काका, काकूचं मशीन?”

“कोपऱ्यावरच्या शिंपिणीला देऊन टाकलं.”

ताई खुर्चीवर बसली. काय करावे ते तिला सुचेना, तेव्हा तिने सवयीने मला उघडले आणि दोघांच्या मध्ये उभे केले.

“आता आणखी काय लपवायचंय?” काका म्हणाले आणि त्यांनी एका बोटाने मला आडवे केले.

मी पालथा पडलो. पुढचे मला दिसले नाही, फक्त ऐकू आले.

“मी तुम्हाला बघितलंच नाही काका,” ताई रडत म्हणाली. “तुम्ही समोर बसला होतात आणि मी खोलीच बघत बसले.”

काकांनी खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. “मला तरी कुठे माहीत होतं गं, हे असं दिसतं म्हणून? लोक यायचे, बसायचे, इकडेतिकडे बघायचे. मी आपला साखर किती घालू विचारायचो. त्या दिवशी घरी आलो आणि माझीच मला लाज वाटली. आवरून टाकलं सगळं.”

“मशीन परत आणू या. मी जाते, आत्ता जाते.”

“नको. तिचं काम सुरू झालंय त्यावर. कोणत्या तोंडाने मागायचं?”

मित्रांनो, ताई अजून खोल्या लिहिते, पण कागद मांडीवर ठेवून वाचते. काकांकडे ती जाते, भावालाही नेते. काका मात्र खेळायला पुन्हा आले नाहीत. मी कपाटावर पडून आहे. माझ्यासारखे जुने सामान आपल्या आत्मकथेच्या शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागते, धूळ झटका म्हणते, पुन्हा वापरा म्हणते. मला तसे काही नको. पण ज्याचे मन तुम्ही दुखावलेत, त्याच्यासमोर बसायची वेळ आली तर मध्ये काहीही उभे करू नका. माफी मागताना तुमचा चेहरा त्याला दिसू द्या. त्या रविवारी काकांना तो दिसला नाही, कारण मध्ये मी होतो.