ठमी ओरडेल

दादाने एकदा ठरवलं की ठरवलं. चष्म्याच्या दुकानावरची खोली महिनाअखेर सोडायची, कॉम्प्युटर धाकट्या बहिणीच्या घरी हलवायचे आणि आपण मोकळं व्हायचं, असं त्याने चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं.

"तुला आता माझी गरज काय, ठमे? सगळं तुझ्या हाताशी आहे. घरी बसून एकटी करशील."

ठमीने, म्हणजे त्या धाकट्या बहिणीने, पन्नाशी ओलांडून बरेच दिवस झाले होते. पण दादासाठी ती ठमीच. वहिनी गेल्यापासून दादा घरात कुणाशी धड बोलत नव्हता. खोलीवर यायचं म्हणून निदान दाढी तरी करायचा. खोली सुटली की हा माणूस खिडकीशी खुर्ची टाकून बसणार आणि पुन्हा उठायचं नाव घेणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

काय दिवस होते ते! दवाखान्यांना लागणारे प्रोग्राम ही बहीणभावंडं बनवायची. दादा कोड लिहायचा, ठमी फॉर्म मांडायची. पेशंटचं नाव, वय, तक्रार भरायचे चौकोन माऊसने ओढून आणायचे आणि पडद्यावर जागच्या जागी बसवायचे, हे तिचं काम. प्रत्येक चौकोन म्हणजे दादाने घडवलेला कंट्रोल. दोघांच्या मध्ये प्लायवूडची भिंत. चौकोनाची कड बदलायची झाली की ठमी भिंतीपलीकडे हाक मारायची.

"दादा, कड जाड कर!"

"किती?"

"जराशी!"

"जराशी म्हणजे किती, बाई?"

वहिनी दाराजवळ बसून दवाखान्यांचे फोन घ्यायची. ती रिसीव्हरवर हात ठेवून म्हणायची, "अहो, हळू! डॉक्टरांना वाटेल इथे भाजीबाजार भरलाय."

शेवटी दादा वैतागला. त्याने आठवडाभर डोकं घातलं आणि ठमीच्या फॉर्मशेजारी प्रॉपर्टींची, म्हणजे चौकोनाच्या रंगरूपाची, जी यादी दिसायची, तिच्यात 'कड' नावाची एक नवी ओळ आणून ठेवली. ओळीच्या आधी अधिकचं चिन्ह. ते दाबलं की कडेच्या पोटातून रंग, जाडी, कोपरे अशा पोटओळी खाली उलगडायच्या. पुन्हा दाबलं की सगळं गुडूप, आणि वर नुसता सारांश: निळी, जाड, गोल. आता हवं ते ठमीने स्वतः भरायचं, हाका बंद.

ठमी हरखली. दिवसभर बसून तिने एकेक फॉर्म नवरीसारखा सजवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडते तर काय, ये रे माझ्या मागल्या! चौकोन जागेवर, पण कडा साऱ्या काळ्या आणि बारीक. पोटओळींत भरलेलं पार पुसलं गेलेलं. ठमीने खोली अशी डोक्यावर घेतली की खोलीचे मालक, खालचे चष्मेवाले, धावत जिना चढून आले. फॉर्म बंद करताना पोटातलंही जपून ठेव, असं कंट्रोलला बजावणारी एक ओळ दादा कोडमध्ये लिहायचीच विसरला होता. त्याने ती निमूटपणे लिहिली आणि तिच्या डोक्यावर कोडमध्येच एक शेरा मारून ठेवला: 'खालची ओळ काढू नये. ठमी ओरडेल.' वहिनी तो वाचून इतकी हसली की तिला फोनवर बोलवेना.

मग अक्षराला अधिकचं चिन्ह आलं, सावलीला आलं, समासाला आलं. सोय झाली खरी, पण भिंतीपलीकडचं ते 'किती?' गेलं ते गेलंच. वहिनी होती तोवर तिच्या हसण्याबोलण्यात ते कुणाला जाणवलं नाही. आता दिवसदिवस नुसती की-बोर्डची टकटक ऐकू यायची.

दादा चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला खाली गेला, तेव्हा ठमीने त्याचा कोड उघडला. जन्मात कधी हात लावला नव्हता, पण इतकी वर्षं भिंतीला लागून बसली होती ती काही उगाच नाही. ओळ सापडली. तिने ती उडवली आणि प्रोग्राम पुन्हा तयार केला. मग दातांच्या डॉक्टरांच्या नव्या फॉर्मला झकास जाड कडा दिल्या, फॉर्म बंद केला, पुन्हा उघडला. सगळ्या काळ्या, बारीक. तिला लहानपणी खडीसाखर चोरताना व्हायचा तसा आनंद झाला.

जिन्यावर पावलं वाजली. दादा आपल्या जागेवर बसला.

"दादा!" ठमी ओरडली. "तुझी कड पुन्हा विसरली!"

पलीकडे खुर्ची करकरली. दादा आला, तिच्या खुर्चीत बसला, चष्मा सावरून कोड वर सरकवू लागला आणि थांबला. पडद्यावर शेरा होता: 'खालची ओळ काढू नये. ठमी ओरडेल.' आणि खाली ओळच नव्हती.

अगं बाई! ओळ काढली, पण शेरा तसाच राहिला होता. चोराच्या मनात चांदणं. ठमी पंख्याकडे बघत उभी राहिली.

दादाने शेरा वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने कितीतरी वेळ पुसत बसला.

"ठमे, हे जुनं दुखणं दिसतंय."

"हो ना."

"एका दिवसात बरं होणारं नाही."

"नको होऊ दे," ठमी म्हणाली. "मला गरज आहे रे तुझी, दादा. माझं एकटीचं नाही भागत."

दादा उठून भिंतीपलीकडे गेला. जाता जाता म्हणाला, "चष्मेवाल्यांना सांगून ये, खोली इतक्यात सुटत नाही म्हणावं."

ठमी पदराने तोंड पुसत खाली निघाली, तोच पलीकडून हाक आली.

"कड जाड हवी ना गं?"

"हो!"

"किती?"

ती दारातच थांबली. "जराशी!"

"जराशी म्हणजे किती, बाई?"